बटन टायर की मुरूम: चोरलच्या शेतावर जाणाऱ्या एका पिकअपचं प्रकरण

गाडी महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे, डबल कॅब, फोर-व्हील-ड्राइव्ह. टायरचा साईज 245/75 आर 16, म्हणजे रुंदी 245 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के आणि रिम 16 इंच. मालक माझा मावसभाऊ, ज्याला घरात सगळे दादा म्हणतात. घर इंदूरला लोकमान्यनगरात आणि शेत खंडवा रोडवर, सिमरोलचा घाट उतरून चोरलच्या पुढे. शेतावर भाजीपाला आणि म्हशी. गाडी पहाटे भाजी घेऊन घाट चढते, चोइथराम मंडीत येते आणि परतताना सरकीची ढेप, खत, कधी ठिबकच्या नळ्या भरून घाट उतरते. रविवारी त्याच गाडीतून वहिनी, मुलं आणि मावशी शेतावर जातात. एकाच गाडीला माल वाहायचा आणि घरच्यांनाही न्यायचं, म्हणून टायर निवडणं सोपं राहत नाही.

मे महिन्यात मागच्या डाव्या टायरला बाजूनं काप गेला. नाल्याच्या उतारावर काळ्या दगडाची एक कपार वर आलेली आहे, तिथं. पंक्चरवाल्यानं टायर उतरवून आतून बोट फिरवलं आणि ठेवून दिला. काप तळव्यावर असता तर स्ट्रिप किंवा मशरूम लावून काम भागलं असतं. बाजूच्या भिंतीतले दोरे तुटले की टायर संपला, तिथं कोणतंही ठिगळ धरत नाही. मंडीचा एक फेरा बुडाला, भाजी दुसऱ्या दिवशी पडेल भावानं गेली. पावसाळा महिन्यावर आला होता. दादानं ठरवूनच टाकलं की आता मागं दोन बटन टायर (मोठ्या, सुट्या गोट्यांच्या नक्षीचे, चिखलासाठीचे) घालायचे, म्हणजे चिखलाचीही कटकट नको आणि दगडाचीही.

कंपनीच्या गाड्यांची देखभाल पाहणं हे माझं रोजचं काम. म्हणून दादानं फोन केला, पण विचारायला नाही. कुठलं दुकान स्वस्त ते सांग, एवढ्यासाठी. मी म्हटलं, "दादा, टायर घेऊच, पण आधी गाडी धर्मकाट्यावर घालू." त्याला ते वेळ घालवणं वाटलं. वहिनींना पटलं, कारण हिशोब त्या ठेवतात.

धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, दोन वजनं घ्यायची असतात. आधी पूर्ण गाडी, मग पुढची चाकं काट्याबाहेर काढून फक्त मागची. मंडीच्या फेऱ्याचा नेहमीचा माल भरलेला असताना मागच्या आसावर 1,720 किलो आले, म्हणजे एका टायरवर 860. पुढच्या आसावर 1,150. हा 860 चा आकडा पुढच्या सगळ्या बोलण्यात आमच्या मधोमध बसला होता. ज्याला पिकअपचे टायर घ्यायचे आहेत त्यानं दुकानात जायच्या आधी काट्यावर जावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पावती फार तर चहा-पोह्यांच्या खर्चात होते.

दुसरी नोंद रस्त्याची. महिनाभर ड्रायव्हरला वहीत लिहायला सांगितलं. दर शंभर किलोमीटरमागे साधारण 85 डांबर, 12 खडी आणि मुरूम, 3 काळी माती. डांबरातला मोठा हिस्सा घाटाचा, वळणांचा, आणि उतरताना ढेप-खताच्या वजनासकटचा. दादाच्या डोळ्यांपुढे मात्र सतत ते शेवटचे तीनच होते. ते साहजिकही आहे, कारण अडकायला तिथंच होतं.

तिसरी गोष्ट जुन्या टायरनंच सांगितली. कापलेला टायर आडवा ठेवून मी खोली मोजली. मधोमध 4 मिलिमीटर, दोन्ही कडांना जेमतेम अडीच. टायर असा दोन्ही कडांनी झिजला की हवा कमी ठेवून वजन वाहिलंय, यात शंका राहत नाही. बाकीच्या चाकांची सकाळी थंड असताना हवा मोजली, तर सगळीकडे 26 पौंड. ड्रायव्हरनं सरळ सांगितलं की रविवारी घरची मंडळी असताना गाडी उडू नये म्हणून तो हवा उतरवतो, आणि सोमवारी माल भरला तरी तेवढीच राहते. कमी हवेच्या टायरवर 860 किलो आले की त्याचा गाल, म्हणजे बाजूची भिंत, बाहेर फुगतो आणि जमिनीकडे झुकतो. पुरेशा हवेचा टायर ज्या दगडाला घासून जाईल, तोच दगड या फुगलेल्या गालात शिरतो. कापाचं सगळं पाप दगडाच्या माथी मारता येणार नव्हतं.

आता दुकानातली गोष्ट. दादानं ज्याला विचारून ठेवलं होतं तो दुकानदार भला माणूस, पण त्याचा जीव रुंद टायरवर. "भिया, 265/75 डाल दो, गाड़ी का रूप खिल जाएगा." रूप खुललं असतं, खरं आहे. पण 245/75 आर 16 चा व्यास 774 मिलिमीटर भरतो आणि 265/75 चा 804. जवळपास चार टक्के फरक. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 83 वर असेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाक मोठं झालं की तेवढा गिअर लांब पडतो. माल भरून सिमरोल चढताना इंजिनावर ताण, उतरताना ब्रेकला जास्त जोर. स्टेपनी खालच्या जागेत बसेल का, वळताना चाक मडगार्डला लागेल का, हे प्रश्न वेगळेच. त्या साईजला रिमही निदान 7 इंच रुंद लागते. वाहनाच्या मंजूर साईजबाहेरचा टायर लावून उद्या अपघातात विमा कंपनीशी वाद घालण्याची हौस कोणाला? हा विषय तिथंच मिटला. साईज बदलायचा नाही. 245/75 आर 16 हा थारच्या लोखंडी रिमच्या मॉडेललाही येतो, त्यामुळे इंदूरला तो सहज मिळतो, हाही फायदा.

बटन टायर मला का नको होता ते पुढं सांगतो. खरा वाद ऑल-टेरेनमध्येच, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या टायरमध्येच, दोन जातींचा होता. याच साईजचा एक टायर 111 एस लिहिलेला येतो, दुसरा एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या वर्गातला 120/116 एस, ज्याला बाजारात दहा प्लायचा म्हणतात. 111 म्हणजे एका टायरची क्षमता 1,090 किलो. 120 म्हणजे 1,400. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंतचा वेग, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. आकडे पाहून कोणीही म्हणेल, 1,400 वाला घ्या, मजबूत आहे. दादाही तेच म्हणाला.

इथं बहुतेक लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. टायरची क्षमता रबरात नसते, आतल्या हवेत असते. 111 चा टायर त्याचे 1,090 किलो साधारण 35-36 पौंडांवर उचलतो. दहा प्लायचा टायर त्याचे 1,400 उचलायला 80 पौंड मागतो. त्याच 245/75 आर 16 एलटी टायरमध्ये 35 पौंड हवा असेल तर तो फक्त 770 किलोच्या आसपास झेपवतो, 45 ला सुमारे 920, 50 ला 1,000. म्हणजे आमचे 860 किलो घेऊन दहा प्लायचा टायर ड्रायव्हरच्या सवयीनं 26 वर पळवला असता, तर जाड टायर असूनही तो कमी हवेवर गरम होत राहिला असता. 45 ठेवली, तर रविवारी रिकाम्या गाडीत मावशींच्या कंबरेचं काय? उलट साध्या 111 च्या टायरचं बघा. असा पॅसेंजर वर्गाचा टायर पिकअपवर लावताना अमेरिकेत त्याची क्षमता 1.1 ने भागून धरायची पद्धत आहे. तसं केलं तरी 990 किलो राहतात. आमच्या 860 च्या वर चांगला शंभर-सव्वाशेचा आधार.

दहा प्लायच्या बाजूनं एक गोष्ट निश्चित आहे: त्याचा गाल जाड असतो, कापाला जास्त टिकतो. दादाची गाडी गिट्टीच्या खदानीत जाणारी असती, किंवा दर फेऱ्याला दीड टन लादणारी असती, तर मी क्षणभरही विचार न करता तोच घ्यायला सांगितला असता आणि हवेचं गेज ड्रायव्हरच्या गळ्यात बांधलं असतं. पण इथं धारदार दगडाचा टप्पा नाल्यापाशी जेमतेम पाव किलोमीटरचा. त्यासाठी शंभरातले 85 किलोमीटर जड, कडक टायर फिरवायचा, डिझेल जास्त जाळायचं आणि किंमत दीडपट-दुप्पट मोजायची, हे जमेना. नावाजलेले दहा प्लायचे काही टायर आयात होऊन येतात, जसा बीएफ गुडरिचचा के ओ 2. जून 2020 मध्ये केंद्र सरकारनं नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली. अशा टायरमधला एक मध्येच फाटला, तर तसाच दुसरा आठवड्यात हाती येईल याची खात्री नसते, आणि भाजीची गाडी आठवडा उभी ठेवता येत नाही.

राहिला चिखल. माळव्याच्या काळ्या मातीबद्दल बाहेरच्या लोकांना सांगून कळत नाही. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पहिल्या दमदार पावसात फुगून चिकट होते, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन पसरणाऱ्या जातीची आहे. जूनच्या शेवटी मी मुद्दाम शेतावर गेलो तेव्हा शेजाऱ्याची गाडी त्याच पांदणीवरून येत होती, चारही चाकांना खरे बटन टायर, नवे. दहा-बारा फेऱ्यांत चाकाच्या खाचा भरल्या. गाडी थांबल्यावर मी अंगठ्यानं खाचेतली माती उकरायला गेलो, तर ती सोयाबीनच्या जुन्या काड्यांसकट अशी बसली होती की नखही शिरेना. बाहेरून टायर लाटण्यासारखा गुळगुळीत झालेला. विहिरीजवळच्या उतारावर ती गाडी मागून हळूच बांधाकडे सरकली आणि तिथंच राहिली. मोठ्या खाचांचा टायर चिखल फेकून देतो हे खरं, पण त्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं. उतारावर, म्हशीच्या गोठ्याशेजारून, दुधाचे कॅन लादून चाक जोरात फिरवणार कोण?

आणि तोच बटन टायर ओल्या डांबरावर काय करतो? त्याच्या गोट्या मोठ्या आणि एकमेकींपासून लांब, त्यामुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी. गोट्यांवर बारीक चिरा नसतात किंवा फार थोड्या असतात. या चिराच ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर फोडून पकड देतात. जूनच्या पहिल्या सरीत घाटातल्या डांबरावर ट्रकांचं सांडलेलं डिझेल-ऑईल तरंगतं, त्यावर भरलेली गाडी उतरवायची आणि खाली बटन टायर, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. चिखलात अडकलेली गाडी ट्रॅक्टर ओढून काढतो. घाटात सुटलेली गाडी कोण धरणार?

दादाला मी हे असंच सांगितलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे चिखलाचं काहीच करायचं नाही?"

करायचं होतं, पण ते टायरच्या दुकानात मिळत नव्हतं. पांदणीवर दर वर्षी गाडी अडते ती जागा एकच, विहिरीजवळचा दोनशे मीटरचा उतार. बाकी सपाट मातीत फोर-व्हील लावून, लो गिअरमध्ये, हवा 20 पौंडांपर्यंत उतरवून साधा ऑल-टेरेन टायरही हळूहळू निघून जातो, कारण हवा उतरवली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो. वहिनींनी हिशोब मांडला. पाच दहा-प्लाय टायर आणि पाच साधे ऑल-टेरेन यांच्या किमतीतला फरक एवढा होता की त्यात त्या उताराला खडी-मुरूम होत होता, आणि शेजारच्या दोघांनी आपला वाटा देऊ केल्यावर तर आणखी सोपं झालं. टायर निवडायला बसलो आणि रस्ता दुरुस्त करून उठलो, पण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता.

मुरूम नुसता ओतून चालत नाही, हे दादाला शेजाऱ्यांपेक्षा चांगलं ठाऊक. काळी माती मुरूम गिळून टाकते. आधी दोन्ही बाजूंनी नाली काढली, म्हणजे पाणी उतारावर थांबणार नाही. वरची मऊ माती खरवडून खाली मोठे दगड बसवले, त्यावर बारीक खडी, त्यावर मुरूम, आणि भरलेली ट्रॉली वरून पुन्हा पुन्हा फिरवून दाबून घेतलं. नाल्याच्या उतारावरची ती कपार घणानं फोडून काढली. पाऊस पक्का धरायच्या आत हे झालं.

आता टायर किती घ्यायचे. दादाचा हट्ट मागच्या दोनचा होता, पुढचे 5 मिलिमीटर आहेत, अजून एक पावसाळा काढतील. साध्या टू-व्हील गाडीत हे म्हणणं एक वेळ चाललं असतं. या गाडीत फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो, मध्ये फरक गिळणारा डिफरन्शियल नाही. मागे नवे साडेदहा मिलिमीटरचे आणि पुढे 5 चे टायर असले, तर एका फेऱ्यात पुढचं चाक मागच्यापेक्षा कमी अंतर कापणार. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, पण खडीवर आणि मुरमावर तो ताण ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, साठतो. शिवाय पुढे जुनी हायवे नक्षी आणि मागे नवी ऑल-टेरेन म्हणजे ओल्या वळणावर दोन टोकांची पकड दोन प्रकारची. स्टेपनीही त्याच जातीची हवी, नाहीतर एक पंक्चर झालं की पुन्हा तेच. म्हणून पाच. पैसे डोळ्यांत आले, पण पाचही चाकं आलटून पालटून फिरवली की प्रत्येकाचं आयुष्य तेवढं वाढतं, हे वहिनींनी दादाच्या आधी हेरलं.

कोणत्या कंपनीचा, यावर फार वेळ घालवला नाही. 111 एस, गोट्यांवर भरपूर बारीक चिरा, खांद्याच्या गोट्या फार उघड्या नकोत, आणि इंदूरला एक सुटा मिळण्याची हमी, एवढ्या चाळणीतून दोन-तीनच नावं उरली. त्यांतला भारतात बनणारा एक घेतला. बाजूवर एम + एस कोरलेलं असतं त्याचा अर्थ चिखल-बर्फासाठीची नक्षी एवढाच. आणि पर्वताच्या चित्रात हिमफूल असतं ते बर्फाच्या चाचणीचं चिन्ह. माळव्यात त्या हिमफुलासाठी जास्त पैसे देण्याचं कारण नाही.

दुकानात पाच टायर आले तेव्हा प्रत्येकाचा चार आकडी तारखेचा शिक्का बघितला. तिघांवर 0825 होतं, म्हणजे 2025 चा आठवा आठवडा. दोघांवर 4122, म्हणजे 2022 सालचे. अडीच वर्षं गोदामात पडलेला टायर लगेच फाटत नाही, पण नव्याच्या भावात तो का घ्यायचा? दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे वॉल्व्ह तिथंच केले. नायट्रोजन भरू का, म्हणून विचारलं, नको म्हटलं. साध्या हवेत 78 टक्के तोच असतो. त्या पैशांत चांगलं गेज आणि 12 व्होल्टचा छोटा कंप्रेसर घेतला, कारण चिखलासाठी उतरवलेली हवा डांबरावर चढण्याआधी पुन्हा भरता आली पाहिजे. ती भरायची नसेल तर उतरवूही नये.

हवेच्या सवयीवर उपाय वहिनींचा. दाराच्या पट्टीवर कंपनीनं रिकाम्या आणि भरल्या गाडीचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. ते त्यांनी मागच्या मडगार्डवर पिवळ्या रंगात मोठे रंगवून घेतले, एका बाजूला 'खाली', दुसऱ्या बाजूला 'भरली'. ड्रायव्हर आता माल चढवण्याआधी हवा भरतो. मंडीतले दुसरे ड्रायव्हर ते आकडे वाचून हसतात, असं तो सांगतो, आणि मग स्वतःच्या गाडीची हवा विचारतात.

पावसाळा कसा गेला? विहिरीजवळचा उतार टिकला. एका ठिकाणी नाली बुजून मुरूम खचला तेवढा पुन्हा भरावा लागला. जुलैतल्या झडीत काही दिवस सपाट पांदणही चालण्यासारखी नव्हती. त्या दिवशी गाडी डांबरावर उभी राहिली आणि दुधाचे कॅन ट्रॅक्टरनं तिथवर आणले. असे दिवस कोणत्याही टायरनं संपवता येत नाहीत. घाटात ओल्या उतारावर गाडी पूर्वीपेक्षा लवकर थांबते, असं ड्रायव्हरचं म्हणणं. जुने टायर इतके घासलेले होते की ते स्वाभाविकच आहे, त्याचं सगळं श्रेय नव्या नक्षीला द्यायला मी तयार नाही. बायपासवर सत्तरच्या पुढे टायर गुणगुणतात, हे वहिनींना आवडलेलं नाही. गाडी लिटरमागे अर्ध्या किलोमीटरच्या आसपास कमी चालतेय. खाचांत खडे अडकतात, ते ड्रायव्हर शनिवारी स्क्रू-ड्रायव्हरनं काढतो. ठेवले तर ते आतल्या पट्ट्यांपर्यंत भोक पाडतात.

आठ हजार किलोमीटरला चाकं फिरवली. पुढच्या दोघांची बाहेरची कड मागच्यांपेक्षा पाऊण मिलिमीटर जास्त झिजलेली निघाली, घाटाच्या वळणांमुळे, म्हणून टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल, पुन्हा जुळवून घेतला. स्टेपनी उजव्या मागच्या जागी आली आणि पुढचा उजवा स्टेपनीत गेला. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटरची आहे, पण सिमरोल रोज उतरणाऱ्या गाडीसाठी आम्ही 3 ला टायर बदलायचं ठरवलंय, आणि तो आकडाही वहिनींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.